नवऱ्याकडे अमेरिकेला निघालात? मुंबईतल्या व्हिसा मुलाखतीची तयारी

बीकेसीतल्या अमेरिकन कॉन्सुलेटच्या खिडकीसमोर माझी मुलाखत जेमतेम सात मिनिटं चालली. त्यातला निम्मा वेळ माझ्या नावांवर गेला. नावावर नाही, नावांवर. जन्मदाखल्यावर नुसतं ‘मुलगी’ आणि वडिलांचं नाव. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं पूर्ण नाव. लग्नपत्रिकेत घरचं लाडाचं नाव. आणि सासूबाईंच्या हौसेखातर ताटातल्या तांदळांत लिहिलेलं चौथं. आपल्याकडे यात कुणाला काही खटकत नाही, पण खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याला या चारही जणी एकच आहेत हे कागदावर दिसायला लागतं.

हा लेख ज्यांचा जोडीदार अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक आहे, जोडीदाराला बोलावण्यासाठी भरलेला आय-१३० अर्ज मंजूर झाला आहे आणि नॅशनल व्हिसा सेंटरकडे (मुलाखतीआधी कागद गोळा करणारं अमेरिकन कार्यालय) कागद जमा झाले आहेत, त्यांच्यासाठी. एच-४ वर, म्हणजे नोकरीच्या एच-१बी व्हिसावर असलेल्या जोडीदारामागून, जाणाऱ्यांचा रस्ता वेगळा. लिहिताना ‘नवरा’ म्हणते आहे. बायकोने बोलावलेल्या नवऱ्यांनी तेवढा शब्द बदलून वाचावा.

१. आधी नावं जुळवा

मुलाखतीची तारीख येण्याची वाट न पाहता हे काम काढा. एका कागदावर तक्ता करा: डावीकडे प्रत्येक दाखला, उजवीकडे त्यावरचं नाव अक्षरशः जसं छापलंय तसं. ‘वैशाली’चं इंग्रजी स्पेलिंग एका दाखल्यावर डब्ल्यूने, दुसऱ्यावर व्हीने असेल तर तेही टिपा.

पासपोर्टवरचं नाव हे मुख्य नाव, कारण व्हिसा त्याच नावावर मिळतो. आपल्या पासपोर्टात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव बहुधा एकाच रकान्यात असतं. डीएस-२६०, म्हणजे इमिग्रंट व्हिसाच्या ऑनलाइन अर्जाच्या फॉर्ममध्येही तसंच भरा. याच फॉर्ममध्ये पूर्वी वापरलेल्या इतर नावांचा प्रश्न असतो. तिथे संकोच न करता माहेरचं नाव, लग्नातलं नाव, सगळं लिहा. न लिहिलेलं नाव नंतर एखाद्या कागदावर सापडलं तर उगाच खुलासे करत बसावं लागतं.

लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा अमेरिकेचा आग्रह नाही. माहेरच्या नावाच्या पासपोर्टवर व्हिसा बिनदिक्कत मिळतो. माझं स्पष्ट मत: प्रक्रिया अर्ध्यात असताना पासपोर्ट बदलायला जाऊ नका. आधीच राजपत्रात नाव बदललं असेल, तर त्या गॅझेटची प्रत फाइलमध्ये हवीच.

जन्मदाखल्यावर नाव नसेल तर महापालिकेत, नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन ते घालून घेता येतं. जन्माची नोंदच नसेल, तर ‘नोंद उपलब्ध नाही’ असा दाखला, जन्माची माहिती असलेल्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं आणि शाळा सोडल्याचा दाखला अशी जोडणी करावी लागते. प्रतिज्ञापत्र देणाऱ्यात आई किंवा वडील असतील तर उत्तम.

मराठी दाखल्यांचं इंग्रजी भाषांतर सोबत जोडा. त्याखाली ‘भाषांतर अचूक आहे आणि मला दोन्ही भाषा येतात’ अशा अर्थाचं भाषांतरकाराचं सहीनिशी निवेदन लागतं. भाषांतर झालं की स्वतः वाचा. माझ्या भाषांतरकाराने आजोळच्या गावाचा तालुका जिल्ह्याच्या रकान्यात घातला होता. आईने पाहिलं म्हणून कळलं.

२. बाकीची फाइल

मूळ कागद आणि प्रत्येकाची एक छायाप्रत: पासपोर्ट, मुलाखतीचं पत्र, डीएस-२६० ची पावती असलेलं पान, जन्मदाखला, विवाह नोंदणी प्रमाणपत्र, पोलीस क्लिअरन्स आणि ठरलेल्या मापाचे फोटो. आधीचं लग्न झालेलं असेल, तुमचं किंवा नवऱ्याचं, तर घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा मृत्यूचा दाखला.

पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्रातून घ्यावा. चौकीतून आणलेलं चारित्र्य प्रमाणपत्र इथे चालत नाही. वयाच्या सोळाव्या वर्षानंतर दुबई, सिंगापूर वगैरे ठिकाणी वर्षभर किंवा जास्त राहिला असाल, तर तिथलाही लागतो, आणि तो मिळायला वेळ लागतो.

नवऱ्याकडून येणारा सर्वात महत्त्वाचा कागद आय-८६४, म्हणजे तुमच्या आर्थिक जबाबदारीचं हमीपत्र. त्याचं उत्पन्न कुटुंबाच्या आकारानुसार ठरलेल्या गरिबी रेषेच्या १२५ टक्के तरी हवं. कमी पडत असेल तर अमेरिकेत राहणारा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक सह-स्पॉन्सर होऊ शकतो. पुण्यातले श्रीमंत काका होऊ शकत नाहीत. सोबत करविवरण आणि ताज्या पगाराच्या चिठ्ठ्या मागवून ठेवा.

३. लग्न खरं आहे याचा पुरावा

ठरवून केलेली लग्नं मुंबईच्या अधिकाऱ्यांना नवीन नाहीत. मुलगा तीन आठवड्यांच्या रजेवर आला, कांदेपोहे, साखरपुडा, लग्न आणि परत, हा प्रकार त्यांनी पुष्कळ पाहिलेला असतो. त्यामुळे प्रेमपत्रं जमवायची गरज नाही. मात्र कागद आणि तुमचं बोलणं जुळलं पाहिजे.

फोटो वीस-पंचवीस पुरे. केळवण, हळद, सप्तपदी, पंगत. दोन्हीकडची माणसं दिसतील असे निवडा आणि मागे तारीख, जागा, कोण कोण ते लिहा. स्टुडिओत काढलेले पोझचे फोटो मागे ठेवा. लग्नपत्रिका, कार्यालयाच्या भाड्याची पावती, नवऱ्याच्या विमान प्रवासाचे बोर्डिंग पास, एकत्र फिरायला गेला असाल तर हॉटेलची बिलं, पैसे पाठवल्याच्या नोंदी आणि दर महिन्यातले थोडेथोडे चॅट. लग्न रजिस्टर पद्धतीने, चार माणसांत केलं असेल तर हा भाग जास्त भक्कम करा.

४. वैद्यकीय तपासणी

ती नेमून दिलेल्या डॉक्टरांकडेच होते, फॅमिली डॉक्टरांची चिठ्ठी चालत नाही. पासपोर्ट, मुलाखतीचं पत्र, फोटो आणि लसीकरणाची जी असेल ती नोंद न्या. लहानपणीचं पिवळं पडलेलं कार्डसुद्धा. त्यात गोवर, कांजिण्या, धनुर्वात वगैरेची नोंद दिसली तर दंडावर सुया कमी बसतात.

छातीचा एक्स-रे क्षयरोगासाठी असतो आणि तिथेच काहींचं अडतं. शंका आली तर थुंकीच्या तपासण्या होतात, आणि कल्चरचा, म्हणजे जंतू वाढतात का ते पाहण्याच्या चाचणीचा, निकाल यायला आठवडे लागतात. म्हणून तपासणी मुलाखतीच्या आदल्या दिवशी ढकलू नका. पण फार आधीही नको, कारण अहवाल साधारण सहा महिनेच चालतो आणि व्हिसाची मुदत त्यावर ठरते. गरोदर असाल तर डॉक्टरांना आधी सांगा. बंद पाकीट दिलं तर ते फोडू नका.

५. बायोमेट्रिक आणि मुलाखतीचा दिवस

मुलाखतीच्या आधी व्हिसा अ‍ॅप्लिकेशन सेंटरमध्ये बोटांचे ठसे आणि फोटो द्यायचे असतात. त्याची वेळ वेगळी घ्यावी लागते. हे विसरून थेट कॉन्सुलेटच्या दारात पोहोचणारे दर महिन्याला भेटतील.

घरातले वडीलधारे अजून ‘ब्रीच कँडीला जायचं ना?’ असं विचारतील. तिथल्या लिंकन हाउसमधून कार्यालय २०११ च्या नोव्हेंबरमध्येच बीकेसीच्या जी ब्लॉकमध्ये हललं. आता मेट्रो ३ चं बीकेसी स्टेशन आहे. नाहीतर वांद्रे किंवा कुर्ल्याहून रिक्षा. पुणे-नाशिकहून पहाटे निघून वेळेवर पोहोचण्याचं धाडस करू नका, आदल्या रात्री मुंबईत मुक्काम करा.

मोबाइल, स्मार्ट घड्याळ, पेन ड्राइव्ह, मोठी बॅग काहीही आत नेता येत नाही. सोबत आलेल्या माणसाकडे द्या. आत फक्त साधी पारदर्शक फाइल आणि पाकीट. नवरा हजर असलाच पाहिजे असा नियम नाही. नवरा काय करतो, कुठे राहतो हे त्याला फोन करून विचारता येणार नाही, म्हणून आधीच डोक्यात ठेवा.

आत आधी एका खिडकीवर कागद तपासले जातात, मग थांबायचं, मग अधिकारी. उजवा हात वर करून खरं बोलण्याची शपथ. मराठीत बोलायचं असेल तर सुरुवातीलाच सांगा. अडखळत्या इंग्रजीपेक्षा सरळ मराठी कितीतरी बरी.

प्रश्न साधे असतात. स्थळ कुणी आणलं? पहिल्यांदा कुठे भेटलात? लग्नाला किती माणसं होती? नवरा कुठल्या कंपनीत, काय काम करतो? त्याच्यासोबत घरात आणखी कोण राहतं? त्याचं आधी लग्न झालं होतं का? तुम्ही पूर्वी अमेरिकेच्या व्हिसासाठी अर्ज केला होता का, नाकारला होता का? या शेवटच्या प्रश्नाला फॉर्ममध्ये जे लिहिलंय तेच उत्तर द्या. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणा. अंदाज ठोकू नका.

६. नंतर

मंजूर झालं तर पासपोर्ट ते ठेवून घेतात. कागद कमी असेल तर २२१(जी) ची, म्हणजे व्हिसा तूर्त अडवून ठेवल्याची, चिठ्ठी मिळते. ती वाचून घरात रडारड होते, पण बऱ्याचदा मागितलेला कागद दिला की काम पुढे सरकतं. चिठ्ठीवर जे आणि जसं मागितलंय तेवढंच द्या.

पासपोर्ट हातात आला की व्हिसावरचं नाव, जन्मतारीख आणि प्रकार तिथेच वाचा. निघण्यापूर्वी यूएससीआयएसची (अमेरिकेचं इमिग्रेशन खातं) इमिग्रंट फी, २३५ डॉलर, ऑनलाइन भरा. ती भरल्याशिवाय ग्रीन कार्ड छापलं जात नाही.

प्रकार सीआर-१ असेल, म्हणजे अमेरिकेत शिरताना लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील, तर ग्रीन कार्ड दोनच वर्षांचं येतं. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून ही दोन वर्षांची अट काढण्याचा अर्ज, आय-७५१, भरायचा असतो. ती तारीख आजच फ्रिजवरच्या कालनिर्णयावर नाही लिहिता येणार, पण दोघांच्या फोनमध्ये घाला. आणि मुंबईत नेलेली ती सगळी फाइल, पावत्या आणि फोटोंसकट, हातातल्या सामानात ठेवा.