द्विदल राज्यपद्धतीवरील उत्तरात या चुका टाळा

‘दोन’ हा आकडा दिसला की तेथे द्विदल राज्यपद्धती होती असे लिहून मोकळे होणे, ही उत्तरपत्रिकांत सर्वाधिक आढळणारी आणि मला सर्वाधिक खटकणारी चूक आहे. एकच राज्य, एकच अविभक्त सत्ता आणि तिचे समान अधिकाराचे दोन धनी, असे असेल तरच ते खरे दुहेरी राज्य होय. रोमन प्रजासत्ताकात दरवर्षी दोन कॉन्सल, म्हणजे सर्वोच्च अधिकारी, निवडले जात. एकाचा निर्णय दुसरा रोखू शके आणि सत्तेचे चिन्ह असलेल्या काठ्यांच्या मोळ्या घेतलेले सेवक एक महिना एकापुढे, तर पुढचा महिना दुसऱ्यापुढे चालत.

आपल्याकडे खरा घोटाळा होतो तो १९१९ च्या भारत सरकार कायद्यामुळे, कारण त्याने आणलेल्या पद्धतीलाही द्विदल म्हणतात. त्याने प्रांतांच्या कारभाराची राखीव (गव्हर्नर व त्याच्या कार्यकारी मंडळाकडील) आणि सोपीव (मंत्र्यांकडे सोपवलेली) अशी विभागणी केली. परंतु मंत्री आणि गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य तुल्यबळ होते, असे लिहू नये. मुंबई प्रांतात १९२१ साली रँग्लर र. पु. परांजपे शिक्षणमंत्री झाले. शिक्षण खाते सोपीव होते, अर्थ खाते मात्र राखीव. त्यामुळे शाळा वाढवण्याची जबाबदारी मंत्र्यावर असली, तरी तिजोरीची किल्ली त्याच्याकडे नव्हती. शिवाय अखेरचा शब्द गव्हर्नरचा असे. म्हणून या पद्धतीला खात्यांची वाटणी म्हणावे, समान सत्ता म्हणू नये.

१७६५ नंतरची बंगालमधील दुहेरी व्यवस्था ही याहून वेगळी बाब आहे: दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीचा अधिकार, ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली आणि नवाब नावापुरता उरला. १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा आणि कोल्हापूर अशी दोन राज्ये झाली, एका राज्याचे दोन राजे नव्हेत. ‘द्विगृही’ हा शब्द तर केवळ कायदेमंडळाच्या दोन सभागृहांपुरता आहे.

उत्तर अडले, तर दोघांची सत्ता एकाच प्रदेशावर आहे का आणि मतभेद झाल्यास कोणाचे चालते, एवढे आधी तपासावे. प्राचीन ग्रीसमधील स्पार्टात दोन राजघराण्यांतील दोन राजे एकाच वेळी गादीवर असत, हे बरोबर. पण ते सर्वसत्ताधीश होते असे लिहिणे चूक ठरते, कारण दरवर्षी निवडले जाणारे पाच एफोर नावाचे अधिकारी त्यांच्यावर लक्ष ठेवत. इसवी सन पूर्व ५०६ च्या सुमारास मोहिमेवर असतानाच दोघांचे बिनसले, तेव्हापासून सैन्याबरोबर एकाच राजाने जावे असा नियम झाला. दुसरा राजा स्पार्टातच राहू लागला.