लॅपटॉपवर बाप्पा, लिंकवर रिकामी चौकट: फुकट होस्टिंगवर साइट चढवताना या चुका टाळा

गेल्या गणपतीत सोसायटीच्या मंडळाची वेबसाइट माझ्या गळ्यात पडली. घोडबंदर रोडवरची आमची सोसायटी, तीन विंग, आरतीच्या वेळा आणि जुने फोटो, एवढाच मजकूर. त्यासाठी पैसे कशाला घालवायचे म्हणून साइट गिटहब पेजेसवर (कोड ठेवायच्या गिटहब या सेवेच्या फुकट होस्टिंगवर) चढवली आणि लिंक ग्रुपवर टाकली. तळमजल्यावरच्या काकांचा पहिला मेसेज: "बाळा, सगळं छान आहे, पण बाप्पाच दिसत नाहीत रे."

माझ्या लॅपटॉपवर दिसत होते. फोटो फोनमधून आलेला, त्यामुळे फाइलच्या नावाच्या शेवटी जेपीजी कॅपिटलमध्ये, आणि पानात मी ते स्मॉलमध्ये लिहिलेलं. विंडोजला हा फरक कळत नाही, मॅकलाही सहसा नाही. गिटहबच्या सर्व्हरला मात्र ही दोन वेगळी नावं वाटतात. खरी गंमत पुढे झाली. मी फाइलचं नाव स्मॉल केलं, पुश केलं (म्हणजे बदल गिटहबवर पाठवला), आणि काहीच बदललं नाही. नावात फक्त कॅपिटल-स्मॉलचा फरक असेल तर विंडोजवर गिट (फाइलींमधले बदल नोंदवणारा प्रोग्रॅम) तो लक्षातच घेत नाही. नाव 'गिट एमव्ही' कमांडने बदला, किंवा आधी भलतंच नाव देऊन कमिट करा (बदलाची नोंद करा), मग हवं ते द्या. तेव्हापासून माझ्या फाइलींची नावं सगळी स्मॉलमध्ये, मधे स्पेस नाही.

दुसरी चूक स्लॅशची. रेपोचं, म्हणजे गिटहबवरच्या तुमच्या प्रोजेक्टच्या फोल्डरचं, नाव 'उत्सव' असेल तर साइट तुमच्या गिटहब पत्त्यापुढे 'स्लॅश उत्सव' अशी उघडते. तुम्ही फोटोचा पत्ता स्लॅशने सुरू केलात, तर ब्राउझर 'उत्सव' सोडून थेट मुळाशी जातो. म्हणजे गेटवर जाऊन नुसतं "३०२" म्हणायचं; वॉचमन विचारणारच, कुठली विंग? सुरुवातीचा स्लॅश काढा. वीट (Vite, साइट बांधायचं टूल) वापरत असाल तर 'बेस' सेटिंगमध्ये रेपोचं नाव दोन्ही बाजूंना स्लॅश देऊन लिहा. पान पूर्ण पांढरं दिसलं तर आधी हेच तपासा.

लिंक उघडताच ४०४ ('पान सापडलं नाही') आलं तर इंडेक्स फाइल, म्हणजे साइटचं पहिलं पान, कुठे आहे ते बघा. ब्रँचवरून (रेपोतल्या कामाच्या एका शाखेवरून) साइट चढवताना ती रेपोच्या मुळाशी, कुठल्याही फोल्डरच्या बाहेर, किंवा 'डॉक्स' फोल्डरमध्ये लागते, आणि सेटिंग्जमधल्या 'पेजेस'मध्ये तीच ब्रँच निवडलेली असावी लागते. जुन्या व्हिडिओंमध्ये 'मास्टर' म्हणतात. ऑक्टोबर २०२० पासून नव्या रेपोची ब्रँच 'मेन' असते. रेपो प्रायव्हेट असेल तर फुकटच्या प्लॅनवर साइट निघतच नाही. अंडरस्कोरने सुरू होणारा फोल्डर गायब झाला असेल तर तो जेकिलने (गिटहब पेजेस साइट बांधायला वापरतं त्या टूलने) वगळलेला असतो. रेपोच्या मुळाशी 'डॉट नोजेकिल' (.nojekyll) नावाची रिकामी फाइल टाका.

पुश केलं तरी जुनंच पान दिसतंय? 'अ‍ॅक्शन्स' टॅबमध्ये हिरवी खूण आली का ते आधी बघा. लाल फुली असेल तर तिच्यावर क्लिक करून लॉग वाचा. हिरवी असेल तर दहा मिनिटं थांबा, तेवढा वेळ जुनी प्रत कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) राहू शकते. मी न थांबता दर दोन मिनिटांनी पुश करत बसलो होतो.

वजनाचंही बघा. १०० एमबीच्या वरची फाइल गिटहब घेतच नाही, आणि पूर्ण साइटची मर्यादा १ जीबी. आरतीचा व्हिडिओ यूट्यूबवर ठेवा. जड फाइल पुढच्या कमिटमध्ये उडवली तरी पुश अडतंच, कारण ती इतिहासात राहिलेली असते.

हाच इतिहास दुसरीकडे जास्त महागात पडतो. फोटोंच्या फोल्डरबरोबर माझ्याकडून वर्गणीची यादीही रेपोत गेली होती: फ्लॅट नंबर, मोबाइल नंबर, कोणी किती दिले ते सगळं. रेपो पब्लिक! फाइल डिलीट केली, तरी जुन्या कमिटमध्ये ती कुणालाही उघडता येत होती. शेवटी पूर्ण रेपोच उडवला आणि नवा केला. एपीआय की (दुसरी सेवा वापरायची गुप्त किल्ली) किंवा पासवर्ड असा गेला, तर तो आधी बदला, साफसफाई मागाहून करा.

फॉर्म भरून घ्यायचा असेल तर इथे पीएचपी (सर्व्हरवर चालणारा कोड) चालत नाही. गूगल फॉर्मची लिंक द्या.

स्वतःचं डोमेन (साइटचा स्वतःचा पत्ता) जोडताना डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूचा सीनेम रेकॉर्ड (एक नाव दुसऱ्या नावाकडे वळवणारी नोंद) तुमच्या गिटहब पत्त्याकडे वळवा, पुढे रेपोचं नाव लावू नका. डीएनएसचा (इंटरनेटवरच्या पत्त्यांच्या यादीचा) बदल पसरायला २४ तासही लागू शकतात, आणि एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणी) त्यानंतर. मी हे काम हरतालिकेच्या रात्री काढलं. दीड दिवसाचे गणपती विसर्जनाला निघाले तेव्हा कुठे ब्राउझरची 'सुरक्षित नाही' ही कुरकुर थांबली.