कनेक्टिंग रॉडसाठी मटेरियलची तुलना: मोडल अ‍ॅनालिसिस कसं करावं, कसं वाचावं

पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या, एकाच आकाराच्या कनेक्टिंग रॉडला आधी स्टील, मग अ‍ॅल्युमिनियम, मग टायटॅनियम लावून मोडल अ‍ॅनालिसिस चालवलं, तर नैसर्गिक वारंवारता (धक्का दिल्यावर रॉड ज्यांवर आपोआप कंप पावतो त्या; मोडल अ‍ॅनालिसिस त्याच शोधतं) जवळपास सारख्याच येतात. यात सॉफ्टवेअरची काही चूक नाही. आकार तोच असेल तर वारंवारता यंग मॉड्युलस (मटेरियलचा ताठपणा) भागिले घनता, याच्या वर्गमुळावर ठरते. ४३४० स्टीलला २०५ गिगापास्कल आणि ७८५० किलो प्रति घनमीटर, ७०७५ अ‍ॅल्युमिनियमला ७१.७ आणि २८१०, ग्रेड ५ टायटॅनियमला ११३.८ आणि ४४३० धरून हिशेब करा; तिघांत सव्वा टक्क्याचाही फरक निघत नाही. ग्रे कास्ट आयर्न (साधारण ११० आणि ७२००) मात्र वीस टक्क्यांहून जास्त खाली येतं. म्हणून वारंवारतेवरून फक्त रेझोनन्सचा (बाहेरच्या बलाची वारंवारता जुळून कंपन खूप वाढण्याचा) धोका तपासा, मटेरियल निवडू नका.

सुरुवात युनिटपासून करा. मिलिमीटर-न्यूटन-सेकंद पद्धतीत स्टीलची घनता ७.८५ × १०⁻⁹ टन प्रति घनमिलिमीटर टाकायची. इथे किलोचा आकडा गेला, तर वारंवारता सुमारे ३१.६ पट कमी येते. मेश, म्हणजे हिशेबासाठी रॉडचे केलेले छोटे तुकडे (एलिमेंट), दुसऱ्या ऑर्डरच्या टेट्रा एलिमेंटचा ठेवा; हे चार बाजूंचे तुकडे असतात आणि त्यांच्या कडांच्या मध्यावरही बिंदू असतो. पहिल्या ऑर्डरचे रॉडला खोटा ताठपणा देतात आणि वारंवारता फुगते. एलिमेंटचा आकार निम्मा करून पुन्हा चालवा. पहिल्या काही मोडमध्ये (मोड म्हणजे एका नैसर्गिक वारंवारतेचं कंपन) २ टक्क्यांहून जास्त बदल झाला, तर मेश अजून बारीक हवा.

पहिला रन रॉड कुठेही न बांधता घ्या. पहिले सहा मोड शून्याजवळ यायलाच हवेत, कारण त्यांत रॉड न वाकता नुसता सरकतो किंवा फिरतो. खरं कंपन सातव्यापासून सुरू होतं. हाच रन मऊ दोरीला टांगलेल्या रॉडच्या हॅमर टेस्टशी (हातोडीने ठोकून कंपन मोजण्याशी) ताडून पाहता येतो. नंतर दोन्ही टोकांना पिनसारखा आधार द्या, म्हणजे पिनच्या अक्षाभोवती फिरणं मोकळं राहील. टोकं पूर्ण जखडली तर झुकण्याची वारंवारता वाढलेली दिसते.

सगळ्यात जास्त फसगत होते ती मोड शेपच्या, म्हणजे कंपनात रॉड कसा वाकतो त्याच्या, रंगीत चित्रात. तिथले मिलिमीटर खरं विस्थापन नव्हे, बहुधा वस्तुमानानुसार नॉर्मलाइझ केलेले (ठरावीक मापात बसवलेले) असतात. त्यामुळे हलकं अ‍ॅल्युमिनियम स्टीलपेक्षा सुमारे १.६७ पट ‘जास्त हलतं’ असं दिसतं. या आकड्यावरून मटेरियल बाद करणं साफ चूक आहे.

खरी तुलना हार्मोनिक रिस्पॉन्समध्ये होते, म्हणजे ठरावीक वारंवारतेचं बल लावून रॉड खरोखर किती हलतो ते काढण्यात. ६००० आरपीएमला क्रँक १०० हर्ट्झने फिरतो आणि फोर-स्ट्रोकमध्ये एका सिलिंडरचं फायरिंग ५० हर्ट्झने होतं, म्हणून ५० च्या पटींत बल लावा. डॅम्पिंग (कंपन विझवण्याची क्षमता) तिघांना सारखं, उदाहरणार्थ १ टक्का, ठेवा. गॅसचं बल तेच राहतं, पण जडत्वाचं बल वस्तुमानाबरोबर घटतं. ते प्रत्येक मटेरियलसाठी वेगळं काढा. तेवढ्याच बलाला अ‍ॅल्युमिनियम २.८६ पट वाकतं, म्हणून त्याचा शँक (दोन टोकांमधला दांडा) जाड करावा लागतो. जाडी बदलली की वजन, बकलिंग (दाबाखाली अचानक वाकून जाणं) आणि वारंवारता तिन्ही पुन्हा काढा. अ‍ॅल्युमिनियमला स्टीलसारखी ठरावीक फटीग लिमिट (जिच्याखालचा ताण कितीही वेळा आला तरी भाग तुटत नाही ती मर्यादा) नसते, तेव्हा किती सायकल टिकायचं तो आकडा धरूनच ताण तपासा.