पाण्याचं बटण कुठे असतं? नव्या देशात लहान मुलांसाठी पाण्याच्या खेळाच्या जागा

नव्या देशातल्या पहिल्या उन्हाळ्यात आमची लेक अडीच वर्षांची होती. चौथ्या मजल्यावरचं घर, अर्ध्याच उघडणाऱ्या खिडक्या, आणि ओळखीचं कुणी नाही. दुपारी चार वाजले की ती रडकुंडीला यायची आणि तिच्या मागोमाग मीही. घरापासून दहा मिनिटांवर एका बागेत रबराची रंगीत, गोल जागा होती. तिच्यावर फुलांच्या आकाराचे उंच पाइप, वर टांगलेली मोठी बादली आणि जमिनीत बारीक बारीक भोकं. तीन दिवस आम्ही तिथे गेलो आणि तिन्ही दिवस ती जागा ठणठणीत कोरडी. बंद असेल असं समजून परत आलो. चौथ्या दिवशी चार-पाच वर्षांची एक मुलगी धावत आली आणि कडेच्या ठेंगण्या खांबावर तिने पंजा आपटला. जमिनीखाली गुरगुर झाली, दोन भोकांतून हवा फुसफुसली आणि मग सगळीकडून पाणी उसळलं.

म्हणजे ती जागा बंद नव्हतीच. पाणी वाया जाऊ नये म्हणून अनेक ठिकाणी अशी सोय असते. खांबावरचं बटण दाबलं किंवा सेन्सरवर हात ठेवला की काही मिनिटं पाणी येतं, मग आपोआप थांबतं. पुन्हा हवं असेल तर पुन्हा दाबायचं. तेव्हा कोरडी जागा बघून माघारी फिरू नका. आधी असा खांब शोधा, त्यावर हाताच्या पंजाचं चित्र असू शकतं. हे तेव्हा मला कुणी सांगितलं असतं तर आमचे तीन दिवस वाचले असते, म्हणून आज तुम्हाला सांगते आहे.

या जागेला स्प्लॅश पॅड म्हणतात. इथे पाणी साचत नाही, उडतं आणि लगेच जाळीतून वाहून जातं. त्यामुळे नुकतं चालायला लागलेलं मूलही इथे खेळू शकतं. सार्वजनिक बागेतले स्प्लॅश पॅड बहुधा पालिकाच चालवते आणि त्यांना सहसा तिकीट नसतं. वॉटर पार्क वेगळे, त्यांना तिकीट असतं आणि गर्दीही असते. तीन-चार वर्षांपर्यंतच्या मुलांना त्यांची काहीच गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

शोधताना पहिली अडचण येते ती शब्दाची. एकाच गोष्टीला प्रत्येक ठिकाणी निराळं नाव आहे. अमेरिकेत स्प्लॅश पॅड, स्प्रे पार्क, स्प्रेग्राउंड असे सगळे शब्द चालतात, आणि न्यूयॉर्क शहराच्या यादीत तेच 'स्प्रे शॉवर' या नावाने सापडतं. ब्रिटनमध्ये 'स्प्लॅश पार्क' किंवा 'पॅडलिंग पूल' शोधा. पॅडलिंग पूल म्हणजे घोट्याएवढ्या किंवा थोड्या जास्त पाण्याचं उथळ टाकं, त्यालाच कॅनडा-अमेरिकेत 'वेडिंग पूल' म्हणतात. ऑस्ट्रेलियात 'वॉटर प्ले' शोधलं की बरंच काही हाती लागतं. जर्मनीत 'वासरश्पीलप्लाट्स' म्हणजे पाण्याचं खेळांगण. तिथे कित्येकदा हातपंप, लाकडी पन्हळी आणि वाळू असते, आणि मुलं बांध घालण्यात तासन्‌तास रमतात. स्वीडनमध्ये 'प्लास्कडाम', कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात 'ज्यो दो'. मुलाच्या पाळणाघरात किंवा वाचनालयात जाऊन स्थानिक शब्द आधी विचारून घ्या. शब्द कळला की अर्धं काम झालं.

मग पालिकेच्या संकेतस्थळावर बागा आणि मनोरंजन हा विभाग उघडा. बऱ्याच शहरांचा तिथे नकाशा असतो आणि सोयीनुसार जागा निवडून बघता येतात. अमेरिका-कॅनडातल्या अनेक शहरांत पालिकेच्या 311 या चौकशी क्रमांकावर फोन करून थेट विचारता येतं. भाषेचा अडसर वाटत असेल तर दुभाषा मिळेल का तेही विचारा, संकोच करू नका. मला स्वतःला फोनपेक्षा उपग्रह नकाशा जास्त उपयोगी पडला. घराभोवतीच्या बागा वरून बघायच्या. झोपाळ्यांजवळ निळा किंवा रंगीबेरंगी गोल दिसला की बहुतेक वेळा तीच जागा निघते. शिवाय लोकांनी टाकलेले फोटो बघताना त्यांच्या तारखा बघा. मागच्या वर्षीच्या फोटोत पाणी दिसतंय म्हणून यंदाही चालू असेल असं नाही.

हंगाम नीट बघा. उत्तरेकडच्या थंड देशांत हा साधारण मे-जूनपासून सप्टेंबरपर्यंतचा खेळ. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी, त्यामुळे तिथे गणित उलटं. दुष्काळात पाण्यावर निर्बंध आले की या जागाही बंद होऊ शकतात. काही ठिकाणी ठरावीक तापमानाच्या वर गेल्याशिवाय पाणी सोडतच नाहीत. आणि गडगडाट ऐकू आला तर लगेच बाहेर पडा. शेवटचा गडगडाट झाल्यावर 30 मिनिटं थांबायचं, मगच परत पाण्यात.

शहरातल्या चौकांत जमिनीतून उडणारी कारंजी असतात, तिथे मात्र फरक ओळखायला हवा. लंडनच्या ग्रॅनरी स्क्वेअरमध्ये 1,080 कारंजी आहेत आणि उन्हाळ्यात तिथे मुलं मनसोक्त भिजतात. शिकागोच्या मिलेनियम पार्कमधलं 2004 सालचं क्राउन फाउंटनही तसंच. काचेच्या विटांच्या उंच मनोऱ्यांवर माणसांचे चेहरे दिसतात, त्यांच्या तोंडातून धार पडते आणि खाली पोरांचा कल्ला चालू असतो. पण प्रत्येक शोभेचं कारंजं मुलांसाठी नसतं. ज्या पाण्यात खेळू देण्याचा विचारच केलेला नाही, ते शुद्ध केलेलं असेलच असं नाही. पाटी वाचा, आणि पाटी नसेल तर पोराला उचलून पुढे चला.

पाण्याचाच विषय निघालाय तर इथे थोडं थांबते, कारण मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. स्प्लॅश पॅड दोन तऱ्हांचे असतात. एकात नळाचं ताजं पाणी एकदा उडून गटारात जातं. दुसऱ्यात तेच पाणी जमिनीखालच्या टाकीत जमा होतं, गाळून, क्लोरीन घालून पुन्हा वर येतं. ही दुसरी तऱ्हा पाणी वाचवते, पण देखभाल ढिली पडली तर आजार पसरवते. 2005 साली न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका लेक स्टेट पार्कच्या स्प्रे पार्कमधून क्रिप्टोस्पोरिडियम नावाच्या परजीवीची लागण झाली आणि हजारो लोक जुलाबाने आजारी पडले. हा परजीवी चिवट आहे. क्लोरीन योग्य प्रमाणात असलेल्या पाण्यातही तो सात दिवसांहून जास्त टिकू शकतो.

यातून आपण करायचं ते एवढंच. मुलाला जुलाब होत असतील तर त्याला पाण्यात नेऊ नका, तुम्ही आठवडाभर कबूल केलेलं असलं तरी नाही. क्रिप्टोचं निदान झालं असेल तर जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे पाणी बंद. स्विम डायपरवर, म्हणजे पाण्यात घालायच्या डायपरवर, विसंबू नका. तो फक्त घट्ट शी थोडा वेळ अडवतो, जंतू अडवत नाही. दर तासाला तपासा आणि बदलायचा तो पाण्यापासून लांब जाऊन. मुलांना जमिनीतल्या धारेवर बसायला फार आवडतं. तसं बसू देऊ नका, ढुंगणाची घाण धारेने धुऊन सगळ्यांच्या पाण्यात जाते. आणि हे पाणी प्यायचं नाही, ही शिकवण पहिल्याच दिवसापासून द्या. आमच्याकडे 'हे पाणी पायांचं, बाटलीतलं पाणी पोटाचं' असं म्हणायचो. दोन-तीन फेऱ्यांत लेक स्वतःच दुसऱ्या मुलांना मराठीत तसं बजावायला लागली.

स्प्लॅश पॅडवर जीवरक्षक सहसा नसतो, तिथे लक्ष ठेवायला फक्त आपण असतो. जाळीत पाला अडकला की पाणी साचतं, आणि लहान मूल बुडायला पाच सेंटिमीटर पाणीही पुरतं. बुडणारं मूल हाका मारत नाही, गप्प होतं. जगभरात बुडून मरणाऱ्यांचं प्रमाण एक ते चार वर्षांच्या मुलांत सर्वात जास्त आहे. उथळ टाक्यात तर मूल हाताच्या अंतरावरच हवं. दोघं पालक असाल तर 'आता तू बघ' असं तोंडाने सांगून पाळी बदला, नाहीतर दोघांनाही दुसरा बघतोय असं वाटतं. कपडे भडक नारिंगी किंवा गुलाबी घाला. फिकट निळ्या किंवा पांढऱ्या कपड्यांतलं मूल पाण्यात आणि गर्दीत दिसेनासं होतं.

कपड्यांचं अजून थोडं. सुती फ्रॉक किंवा बनियन भिजलं की जड होतं, अंगाला चिकटतं आणि वारा लागला की पोर कुडकुडतं. लांब बाह्यांचा, पटकन वाळणारा पोहण्याचा शर्ट घ्या, त्याने ऊनही अडतं. अतिनील निर्देशांक (यूव्ही इंडेक्स, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांची तीव्रता सांगणारा आकडा) 3 किंवा त्याहून जास्त असेल तर टोपी आणि सनस्क्रीन हवंच. सनस्क्रीन दर दोन तासांनी आणि भिजून झाल्यावर पुन्हा लावायचं. आपल्या सावळ्या रंगाला याची गरज नाही असं आपल्याकडची मोठी माणसं म्हणतात, पण गरज असते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र सनस्क्रीनऐवजी सावलीतच ठेवा. पाय टाकण्याआधी कोरडा रबर आणि धातूचे खांब हाताने चाचपून बघा, उन्हाने ते चटका बसेल इतके तापतात. पावलांना रबरी तळव्याचे पाण्यातले बूट उत्तम.

पहिल्या दिवशी मूल घाबरलं तर जबरदस्ती नको. आमची लेक त्या उसळत्या पाण्याला बघून माझ्या मानेला मिठी मारून बसली होती. दोन फेऱ्या आम्ही फक्त कडेला बसलो. तिसऱ्यांदा मी घरून प्लॅस्टिकचा एक पेला नेला. सगळ्यात बुटक्या धारेखाली तिने तो धरला, भरला, ओतला, परत भरला. वीस मिनिटं हेच. मग एक मुलगा येऊन पेल्याकडे बघत उभा राहिला. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. तिने पेला पुढे केला, त्याने भरून तिच्या पायावर ओतला, आणि दोघं खिदळले. त्याच्या आईशी मग माझी ओळख झाली. डॉक्टर कुठला चांगला, शाळेचा अर्ज कधी भरायचा, हे मला त्या बाकावर बसून कळलं. सकाळी दहा-अकराच्या सुमारास जा. मोठी मुलं तेव्हा कमी असतात, ऊन सौम्य असतं आणि लहानग्यांचे पालक भेटतात. पिशवीत पेले दोन ठेवा.

जवळपास काहीच नसेल तर घरी परातभर पाणी, चमचे आणि गाळणी पुरते. बाल्कनी किंवा अंगण असेल तर रंगाचा जुना ब्रश आणि बादली देऊन भिंत पाण्याने 'रंगवायला' सांगा. खेळ संपला की बादली लगेच रिकामी करून पालथी घाला, 'नंतर बघू' नको. न्यूयॉर्क शहरात रस्त्यावरच्या अग्निशमन नळाला लावायची फवाऱ्याची टोपी जवळच्या अग्निशमन केंद्रातून फुकट मिळते. अठरा वर्षांवरच्या माणसाने जाऊन मागायची, मग पाण्याचा मोठा लोंढा न येता हलका फवारा येतो. तुमच्या गावातही असं काही असेल. विचारल्याशिवाय कळत नाही.

हंगाम संपायच्या आधीच छताखालच्या सार्वजनिक पोहण्याच्या तलावातले पालक आणि बाळ यांचे वर्ग कधी सुरू होतात ते विचारून ठेवा. नोंदणीच्या पहिल्याच सकाळी जागा संपू शकतात, म्हणून खातं आधी उघडून, पत्त्याचा पुरावा जोडून, तयार राहा.