पुन्हा विद्यापीठात जाताना: ग्रंथालयशास्त्राच्या प्रवेशाआधीची तयारी

तयारीला एप्रिलातच लागा. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, विद्यापीठाचे प्रवेश त्याच्याच आगेमागे सुरू होतात, आणि पदवीला वीस-पंचवीस वर्षं होऊन गेलेल्या माणसाचे कागद एका फेरीत गोळा होत नाहीत. मी ४७व्या वर्षी नागपूर विद्यापीठात बी.लिब.ला, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या पदवीला, प्रवेश घेतला. त्याआधी १२ वर्षं नागपूरच्या महाल भागातल्या एका वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर बसत होते. कुठलं पुस्तक कोणाकडे आहे हे तोंडपाठ होतं, शास्त्र मात्र शिकलेलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात मी काय केलं आणि काय आधी करायला हवं होतं, ते पुढे लिहिते.

पहिलं काम नावाचं. दहावीच्या सनदेवर, पदवीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव. आधार, बँक पासबुक, मतदार ओळखपत्रावर सासरचं. त्यात कुठे वडिलांचं पूर्ण नाव, कुठे नुसतं आद्याक्षर. अर्ज भरायला बसण्याआधी सगळे कागद जमिनीवर मांडा आणि प्रत्येकावरचं नाव अक्षरन् अक्षर वहीत उतरवून काढा. माझ्या वहीत चार वेगवेगळी नावं निघाली. विवाह नोंदणीचा दाखला नसेल तर आधी तो काढा. नावातल्या बदलाची राजपत्रात प्रसिद्धी लागेल का, हे प्रवेश विभागात विचारून घ्या. लागणार असेल तर अर्ज ऑनलाइन होतो, पण छापून येईपर्यंत दिवस जातात. एप्रिल म्हणते ते यासाठी.

दुसरा कागद मायग्रेशनचा, म्हणजे विद्यापीठ बदलताना आधीच्या विद्यापीठाकडून घ्यायच्या प्रमाणपत्राचा, आणि यात आपल्या भागातल्या लोकांचा हमखास घोळ होतो. अमरावती विद्यापीठ १९८३ साली वेगळं झालं. त्यामुळे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाण्याकडे त्यानंतर शिकलेल्यांची पदवी तिथली असते आणि नागपूरला प्रवेश घेताना तिथलं मायग्रेशन लागतं. माझी पदवी यवतमाळची, म्हणून मला अमरावतीची फेरी पडली. चंद्रपूर-गडचिरोलीचं उलटं आहे. गोंडवाना विद्यापीठ २०११ साली आलं; त्याआधी चंद्रपुरात बी.ए. झालेल्यांच्या हातात नागपूर विद्यापीठाचीच पदवी आहे. आज कॉलेजवर कोणत्या विद्यापीठाची पाटी आहे ते पाहू नका, आपल्या गुणपत्रिकेवरचा शिक्का वाचा. मूळ पदवी प्रमाणपत्र घेतलंच नसेल, आणि पुष्कळ जणींनी लग्नाच्या घाईत घेतलेलं नसतं, तर त्याचा अर्ज त्याच फेरीत टाकून या.

बाकीचं पटकन होतं. मधल्या वर्षांत दुसरीकडे कुठे प्रवेश घेतला नाही, असं गॅपचं प्रतिज्ञापत्र. जात प्रमाणपत्र, नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला, ज्याला जे लागू असेल ते. अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा, म्हणजे विद्यार्थ्याचे श्रेयांक जमा होतात त्या ऑनलाइन खात्याचा, क्रमांक आपल्या वेळी नव्हता. तो आधारवरून ऑनलाइन निघतो, आणि त्यासाठी आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू हवा. पासपोर्ट फोटो डझनभर काढून ठेवा.

आता घर. सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आता काहून वं शिकून राहिली?" विचारण्यात राग नव्हता, खरंच जाणून घ्यायचं होतं. मी त्यांना काटोलच्या त्या शेतकऱ्याबद्दल सांगितलं. पासष्टीचे गृहस्थ, संत्र्याची बाग. झाडांना डिंक्या रोग लागला होता. त्यावरचं एक जुनं मराठी पुस्तक आपल्या वाचनालयात त्यांनी तरुणपणी पाहिलं होतं, आणि त्यासाठी ते तीनदा आले. तिन्ही वेळा मी शेतीचं कपाट शोधलं आणि 'नाही जी काका' म्हणून त्यांना परत पाठवलं. पुढे दिवाळीच्या साफसफाईत ते पुस्तक 'संकीर्ण'च्या कप्प्यात सापडलं. दाखल नोंदवहीत, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक नोंदवतात त्या वहीत, त्याची नोंद होती, ते पुस्तकांच्या गर्दीतच उभं होतं, फक्त शोधायचं कुठे हे मला माहीत नव्हतं. काका परत आले नाहीत. सासूबाई ऐकून गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "मग शीक बापा. सकाळचा चहा मी पाहीन."

तुमचंही असं एक कारण असेल. ते घरच्यांना मोकळेपणानं सांगा, कारण पुढची मागणी मोठी आहे: रोज ठरलेले दोन तास, ज्यात दाराची बेल, कुकर, पाहुणे यातलं काही तुमच्याकडे येणार नाही. हे तास जुलैत मागू नका, मे महिन्यातच घ्यायला लागा. नवतपात, मे अखेरच्या त्या सगळ्यात तापलेल्या दिवसांत, दुपारी कूलरसमोरही डोकं चालत नाही, म्हणून मी पहाटे साडेचार ते साडेसहा ठरवले. पहिला आठवडा नुसती वर्तमानपत्रं वाचली, पण जागेवरून उठले नाही. घराला सवय व्हायला तीन आठवडे लागले आणि मला स्वतःला त्याहून जास्त. रोज वर्गाला येणं नोकरीमुळे शक्यच नसेल, तर इग्नू आणि यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ ही दोन्ही दारं उघडी आहेत. तिथला अभ्यास कमी प्रतीचा समजू नका. मात्र पहाटेचे दोन तास तिथेही लागतीलच, आणि ते पाळायला वर्गातले सोबती नसतील.

डोळे तपासून घ्या. चाळिशीनंतर जवळचा चष्मा असतोच, पण वर्गात फळा, वही आणि संगणकाचा पडदा अशी तीन अंतरं लागतात. डोळ्यांच्या डॉक्टरांना ही तिन्ही मोजून सांगा. आणि हात. गेली कित्येक वर्षं आपण सही आणि किराणाची यादी याशिवाय हातानं लिहिलेलं नसतं, आणि परीक्षेत तीन-तीन तास लिहावं लागतं. मी मे महिन्यात रोज एक पान लिहायला घेतलं, जूनमध्ये चार पानं. पहिल्या दिवशी अर्ध्या पानात अंगठ्याचं मूळ दुखायला लागलं होतं. उत्तरं मराठीत लिहिता येतील का, हे अर्ज करतानाच विचारा. मुभा असली तरी इंग्रजी संज्ञा टाळता येत नाहीत, म्हणून भाषा संचालनालयाचा ग्रंथालयशास्त्र परिभाषा कोश हाताशी ठेवा. वर्गांक, तालिका, निर्लेखन हे शब्द त्यात इंग्रजी शब्दासमोर सापडतात आणि मग पाठ्यपुस्तक अंगावर येत नाही.

विषयाची तयारी मात्र घरातल्या पुस्तकांवरच करा. मला सगळ्यात जास्त उपयोग तिचा झाला आणि सगळ्यात जास्त आनंदही तिनंच दिला. घरात शंभरेक पुस्तकं असतात; नसतील तर शेजारून आणा. पुस्तकांचं विषयवार वर्गीकरण करायची ड्युईची दशांश पद्धत १८७६ सालची. ज्ञानाचे दहा मोठे वर्ग, प्रत्येकाचे पुन्हा दहा. मराठी साहित्याला ८९१.४६, पुढे १ लावला की कविता, २ नाटक, ३ कथा-कादंबरी. स्वयंपाक ६४१.५. पेन्सिलीनं चिठ्ठ्यांवर अंक लिहून पुस्तकांत खोचत चला, आणि पुस्तक दोन ठिकाणी बसतंय असं वाटलं की थांबा. शिकायचं असतं ते तिथेच. संत्र्याच्या डिंक्यावरचं पुस्तक ६३२ मध्ये, म्हणजे झाडांच्या रोगांत ठेवायचं, की ६३४.३१ मध्ये, संत्र्यांजवळ? ड्युई त्याला पिकासोबत ठेवतो. काटोलचे काकाही संत्र्याचंच कपाट मागत होते.

मग तेच पुस्तक भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या द्विबिंदू वर्गीकरण पद्धतीनं बघा. १९३३ सालच्या या पद्धतीत तयार कप्पा नसतो; विषयाचे तुकडे करून ते पुन्हा जोडायचे असतात: व्यक्तित्व, पदार्थ, ऊर्जा, अवकाश, काल. संत्रा हे व्यक्तित्व, रोग ही ऊर्जा, काटोल अवकाश. हे एकदा हातानं करून पाहिलं की वर्गात फळ्यावर आलं तेव्हा घाबरायला होत नाही. या पद्धतीत मराठीचा भाषांक १५५ आहे. मी तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला होता. रंगनाथन स्वतः गणिताचे प्राध्यापक होते आणि १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाल्यावर हा विषय शिकायला लंडनला गेले. त्यांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत १९३१ सालचे. पाठ करायला पाच ओळी आहेत, पण चौथ्यापाशी, 'वाचकाचा वेळ वाचवा'पाशी, मी बराच वेळ थांबले होते.

तालिकीकरणाची, म्हणजे पुस्तकांची शोधयादी बनवण्याची, तयारी तर एप्रिलात नावांच्या वहीत सुरूच झाली होती, हे मला नंतर उमगलं. ज्यांच्या नावानं आपलं विद्यापीठ आहे त्या तुकडोजी महाराजांचं मूळ नाव माणिक बंडोजी इंगळे. नागपूरचेच कवी ग्रेस, त्यांचं नाव माणिक गोडघाटे. वाचक टेबलाशी येऊन इंगळे मागत नाही, गोडघाटे मागत नाही. म्हणून मुख्य नोंद लोक ज्या नावानं ओळखतात त्या नावाखाली करायची आणि दुसऱ्या नावाखाली 'पाहा' म्हणून त्याच्याकडे बोट दाखवायचं. ज्ञानेश्वर, तुकाराम पहिल्या नावाखाली. आजचे लेखक आडनावाखाली. एका माणसाची चार नावं असली तरी माणूस एकच आहे, आणि यादीनं ते ओळखलं पाहिजे. तहसीलच्या रांगेत मी हातात चार नावांचे कागद धरून उभी होते, तेव्हा माझ्यासाठी हेच कोणीतरी करायला हवं होतं.

संगणकाची भीती असेल तर ती जुलैआधीच काढा. ग्रंथालयांची आज्ञावली म्हणजे कोहा, एनआयसीचं ई-ग्रंथालय, इन्फ्लिबनेटचं सोल. नावं ऐकून दडपण येतं, पण आत देवघेव, नोंद, शोध हीच आपली जुनी कामं आहेत. मार्क २१ मध्ये, म्हणजे संगणकावर पुस्तकाची नोंद करायच्या ठरलेल्या साच्यात, प्रत्येक माहितीला तीन आकडी खूण असते: लेखक १००, शीर्षक २४५, आयएसबीएन ०२०, ड्युईचा अंक ०८२, विषय ६५०. घरातल्या दहा पुस्तकांच्या नोंदी कागदावर अशा पाडून बघा. आणि मराठी टायपिंग युनिकोडमध्येच शिका. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या याद्या दुसऱ्या संगणकावर उघडल्या की नुसती चिन्हं दिसतात आणि शोध लागत नाही. अशी पूर्ण यादी आम्हाला एकदा पुन्हा टाइप करावी लागली होती.

जूनमध्ये चार दिवस काढून शहरातली ग्रंथालयं बघून या, परवानगी विचारून. रामदासपेठेतलं विद्यापीठाचं ग्रंथालय, आपल्या पेठेतलं एखादं सार्वजनिक वाचनालय, एखादं शाळेचं. शिवाय नागपूरला राष्ट्रीय संशोधन संस्था आहेत: पर्यावरणाची नीरी, अमरावती रोडवरची लिंबूवर्गीय फळांची संस्था, मृदा सर्वेक्षणाचं कार्यालय. अशा संस्थांची ग्रंथालयं एका विषयापुरती पण खोल असतात. तिथे जाता आलं नाही तरी ती आहेत हे माहीत असू द्या. संत्र्याच्या रोगाचं विचारणाऱ्याला कुठे पाठवायचं, हेही ग्रंथपालाचं काम आहे. सार्वजनिक वाचनालयात गेलात तर त्याचा वर्ग कोणता ते विचारा, अ, ब, क की ड. अनुदान त्यावर ठरतं, आणि त्यामागे १९६७ सालचा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम आहे. तो अभ्यासक्रमात येतो. बघून आलेल्याला पाठ करावा लागत नाही.

नोकरीबद्दल प्रवेशाआधीच स्पष्ट असा. राज्य शासनाच्या भरतीत वयोमर्यादा साधारणपणे खुल्या वर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे. चाळिशी ओलांडलेल्या पुष्कळांना ते दार बंद आहे. महाविद्यालयीन ग्रंथपालपदासाठी पुढे एम.लिब. ही पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. नेटला सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेसाठी वयाची अट नाही. खासगी शाळा, महाविद्यालयं, दवाखान्यांची ग्रंथालयं, सार्वजनिक वाचनालयं इथे जागा निघतात, पगार मात्र सारखे नसतात. मी माझ्या वाचनालयात परत जाण्यासाठीच शिकले. तुम्ही दुसऱ्या कशासाठी शिकत असाल तर ज्या जागेवर डोळा आहे तिची जाहिरात आजच शोधा आणि पात्रता वाचा.

वर्ग सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात एकदा घरून विभागापर्यंत त्याच वेळेला जाऊन बघा. मेट्रो सीताबर्डीपर्यंत सोपी आहे. पुढचं ऑटोचं आणि पायी चालण्याचं गणित पावसात वेगळं होतं. पिशवीत दोन्ही चष्मे, पाण्याची बाटली, डबा, छत्री, कागदांच्या झेरॉक्स आणि एक मूळ कागदांची फाइल. ती घरी ठेवून जाऊ नका, पहिल्या दिवशी हमखास मागतात. वर्गातली मुलं सुरुवातीला मला शिकवायला आलेली मॅडम समजून उभी राहिली. मग आठवडाभर त्यांना काय म्हणावं कळेना, शेवटी ताई ठरलं. त्यांच्याकडून मी कोहा लवकर शिकले. त्यांना मी दाखल नोंदवही कशी ओळीनं भरतात ते दाखवलं.

ओळखपत्र करायला गेले तेव्हा खिडकीवरच्या माणसानं विचारलं, "नाव कोणतं टाकू, गुणपत्रिकेवरचं की आधारवरचं?" मी राजपत्राची प्रत पुढे केली.