टाकी लावून शेवंड पकडायला जाताय? या चुका टाळा

मालवण-वेंगुर्ल्याकडच्या माणसाला शेवंड ओळखायला शिकवावं लागत नाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडा कीज या बेटांभोवतीच्या समुद्रातला स्पायनी लॉबस्टर म्हणजे तिचीच बहीण: खेकड्यासारख्या नांग्या नाहीत, कवच काटेरी, मिशा लांब आणि जाड. इथे हौशी माणसालाही परवाना काढून, पाठीला हवेची टाकी लावून ती हाताने पकडता येते. जुलैच्या शेवटी बुधवार-गुरुवार असा दोन दिवसांचा मिनी सीझन असतो आणि ६ ऑगस्ट ते ३१ मार्च हा मुख्य हंगाम. मिनी सीझनला बोटींची जत्रा भरते, आणि कुणीतरी पाण्यातून परत न आल्याची बातमी बहुतेक वर्षी वाचावी लागते. इकडे राहणारी आपली मंडळीही आता हौसेने जाऊ लागली आहेत, म्हणून हे लिहितोय.

नजर शेवंडीवर, विसर हवेचा

माझ्या पहिल्या हंगामात ६० फुटांवर एका कपारीत मोठी शेवंड दिसली. ती आत सरकली, मी दुसऱ्या बाजूने गेलो, ती पुन्हा पहिल्या बाजूला. टाकीतल्या हवेचा दाब दाखवणारा काटा शेवटचा पाहिला तेव्हा १५०० पीएसआय होता. पुन्हा पाहिला तेव्हा ६००, आणि बडी, म्हणजे सोबत उतरलेला जोडीदार, कुठेच दिसेना. मी वर सुखरूप आलो, पण ती भीती अजून अंगात आहे.

असं का होतं? ६० फुटांवर दाब पृष्ठभागाच्या जवळजवळ २.८ पट असतो, म्हणजे प्रत्येक श्वासाला टाकीतली हवाही तेवढ्याच पट जाते. त्यात डोकं खाली, हात कपारीत, ओढाताण, धाप. वर पाऊण तास पुरेल असं वाटणारी टाकी तिथे बघता बघता उतरते. मी तेव्हापासून एकच सवय लावून घेतली: शेवंड मिळो वा निसटो, पुढच्या कपारीकडे वळण्याआधी काटा पाहायचा आणि बडीला बोटांनी आकडा दाखवायचा. एकाने पकडायचं, दुसऱ्याने पिशवी आणि वेळ सांभाळायची. दोघांनी एकाच वेळी शिकार करू नये, हे मी कुणालाही हट्टाने सांगेन. वर येताना मिनिटाला ३० फुटांपेक्षा जास्त वेग नको, १५ फुटांवर तीन मिनिटं थांबायचं आणि श्वास कधीही रोखून धरायचा नाही.

तळाशी स्थिर राहता यावं म्हणून काहीजण जादा शिसं बांधतात. तसं करू नका. पृष्ठभागावर दमलेल्या माणसाला तेच वजन खाली ओढतं, आणि घाबरल्यावर पट्टा सोडायचं सुचत नाही. वजन बरोबर असेल तर प्रवाळावर गुडघे टेकायची वेळच येत नाही. तो प्रवाळ आधीच आजारी आहे, त्याला आपला भार नको.

हातात येऊन निसटते?

बहुतेक वेळा कारण एकच असतं: काठी समोरून टोचलेली. शेवंड शेपटीचा फटका मारून मागे उडते. म्हणून आधी काठी तिच्या मागे घालून शेपटीला हलकेच गुदगुल्या करा, ती चालत बाहेर येईल. मग जाळी तिच्या मागे धरा आणि आता समोरून टोचा. ती स्वतःच जाळीत शिरेल.

मिशा ओढू नका, त्या तुटून हातात राहतात. जखमी शेवंड निसटली तरी तिची ताकद तुटलेला अवयव पुन्हा उगवण्यात जाते आणि वाढ मंदावते. कवच घट्ट धरा, हातमोजे घालून. आणि कपारीत हात घालण्याआधी टॉर्च मारा, कारण चावणाऱ्या मोरे ईल या सापासारख्या माशालाही त्याच जागा आवडतात.

मोजमाप पाण्यातच

कवच ३ इंचांपेक्षा जास्त भरलं पाहिजे. डोळ्यांवरच्या शिंगांच्या मधून कवचाच्या मागच्या कडेपर्यंत मोजायचं, तेही पाण्याखालीच. माप जवळ बाळगणं सक्तीचं आहे. पोटाखाली नारिंगी किंवा तपकिरी अंड्यांचा घोस दिसला की सोडून द्या. कीजमध्ये माणशी दिवसाला सहाच. शेपटी पाण्यात तोडायची नाही, आणि शेवंडीला भाला तर अजिबात लावायचा नाही. मिनी सीझनला जॉन पेनेकँप पार्कात शेवंड पकडायला बंदी आहे. मोलॅसेस रीफ या प्रवाळासारख्या, पिवळ्या बोयांनी आखलेल्या राखीव जागी तर वर्षभर काहीच घेता येत नाही.

बुडालेलं जहाज

कीजमधल्या की लार्गो बेटाजवळ २००२ साली मुद्दाम बुडवलेलं स्पीगल ग्रोव्ह हे जहाज ५१० फूट लांब आहे. अशा जहाजात माशामागे 'जरा आत डोकावून येतो' म्हणत शिरू नका. गाळ उडाला की आलेलं दारही दिसत नाही. दोरी, दोन टॉर्च आणि रीतसर प्रशिक्षण नसेल तर बाहेरूनच फिरा. अडकलेल्या गळाच्या तंगुसासाठी कापायचं हत्यार हाताशी ठेवा. जिथे भाल्याला परवानगी आहे तिथे मारलेले मासे कमरेला लटकवू नका, शार्क तिथेच येईल.

झेंडा

खाली माणूस उतरलाय हे इतर बोटींना सांगणाऱ्या झेंड्यापासून उघड्या पाण्यात ३०० फुटांच्या आत राहा, खाडीमुखात किंवा बोटींच्या वाटेत १०० फुटांच्या आत. वर येताना इंजिनाचा आवाज ऐका, हात डोक्यावर धरा, गोल फिरून पाहा. सगळे बोटीवर चढले की झेंडा लगेच उतरवा. पाण्यात कुणी नसताना तो फडकत राहिला, तर पुढच्या बोटवाल्याचा खऱ्या झेंड्यावरचाही विश्वास उडतो.