घरच्या घरी चेन ऑइलर बनवताय? या चुका टाळा

गोव्यात पावसाळ्यात बाईकच्या चेनीचे काय हाल होतात ते वेगळं सांगायला नको, वरून पाऊस, किनाऱ्याला खारी हवा आणि डिचोली-साखळीकडे गेलात तर लाल चिखल. मग सलाईनचा सेट, छोटी बाटली आणि चार झिप टाय घेऊन, चालत्या गाडीत चेनीला आपोआप थेंब-थेंब ऑइल देणारा ऑइलर जुगाडायचा मोह होतोच. करा की, चालतो. फक्त हे ऑइलर ऑइल कमी पडून क्वचितच फसतात, जास्त सांडूनच फसतात.

चेन चकचकीत ओली दिसली की काम झालं असं वाटतं. तसं नाही, मिनिटाला १-२ थेंब बास. पणजीहून चोर्ला घाटाने बेळगाव गाठेपर्यंत १०-२० मिली जायला हवं, त्यात अख्खी बाटली संपली असेल तर बाकीचं ऑइल मागच्या टायरवर शोधा. टायरच्या कडेला दिसलं तर नळी बंद, साबणाच्या पाण्याने टायर धुवायचा, मगच घाटात वळणं घ्यायची. यात हयगय नको.

आता गंमत अशी की सकाळी बरोबर सेट केलेला थेंब दुपारी धार होतो, कारण उन्हात ऑइल पातळ होतं आणि थेंब कमी-जास्त करणारा सलाईनचा रोलर गाडीच्या थरथरीने सरकतो तो वेगळाच. म्हणून थोडं फिरून आल्यावर, गाडी तापलेली असताना थेंब मोजा. ९० नंबर गियर ऑइल चांगलं. गॅरेजमधलं जळकं ऑइल फुकट मिळतं म्हणून भरू नका, त्यात बारीक कचरा असतो.

थेंब येत होते आणि अचानक बंद? बहुतेक बाटलीला हवेचं भोक नाही, आत व्हॅक्युम झाला. भोक पाडा पण वर उघडं ठेवलंत तर पावसाचं पाणी आत, त्यापेक्षा तिथे बारीक नळी लावून तोंड खाली वळवा.

नोझल, म्हणजे नळीचं तोंड, चेनीवर नाही, मागच्या स्प्रॉकेटच्या (चेन फिरवणाऱ्या दातेरी चकतीच्या) सपाट बाजूला खालच्या अंगाला टेकवा, चाक फिरलं की ऑइल आपोआप दातांकडे फेकलं जातं. नळीचं शेवटचं टोक स्विंगआर्मलाच (मागचं चाक धरून वर-खाली हलणाऱ्या दांड्याला) घट्ट बांधा, आणि फ्रेमवरच्या बाटलीपासून तिथपर्यंत थोडी ढील सोडा, नाहीतर खड्ड्यात नळी उपसून चेनीत जायची. अॅडजस्टमेंट करताना इंजिन बंद, चाक हाताने फिरवायचं, बोटं परत मिळत नाहीत.

गाडी थांबली तरी थेंब थांबत नाहीत हे बरेच जण विसरतात. त्यामुळे मध्ये एक नळ हवाच, फेरीबोटीत चढलात की आधी तो बंद, त्या लोखंडी पत्र्यावर ऑइल सांडलं तर मागचा स्कूटरवाला आडवा होईल. मोरजीच्या वाळूत जातानाही बंदच ठेवा, ऑइल आणि वाळू मिळून चेन घासून खातात.

ओ-रिंग चेन (कड्यांमध्ये बारीक रबरी रिंगा असलेली) असेल तर पेट्रोलने धुवू नका, रॉकेल चालतं. आणि फुल चेन कव्हरवाली साधी गाडी असेल तर राहू द्या हे सगळं, महिन्यातून एकदा कव्हरच्या भोकातून ऑइल सोडलं की पुरे.